बक्षिसाच्या ई-मेलची प्रिंट आणि बँकेची खिडकी

महोदय,

ई-मेलवरून येणाऱ्या खोट्या बक्षिसांविषयी जी माहिती वेळोवेळी प्रसिद्ध होते, ती बहुधा स्वतःच्या संगणकावर किंवा मोबाईलवर स्वतः ई-मेल वाचणाऱ्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली असते. आमच्या परभणी जिल्ह्यात, आणि मी पाहिलेल्या मराठवाड्याच्या इतर ग्रामीण भागातही, ई-मेलशी अनेकांचा संबंध निराळ्या रीतीने येतो. फार्मर आयडी, पीकविमा, शिष्यवृत्ती किंवा मुलाच्या परीक्षेचा अर्ज भरताना सेवा केंद्राचा चालकच एक ई-मेल खाते उघडून देतो. त्याचा पासवर्ड कधी पावतीच्या मागे पेनाने लिहिलेला असतो, तर कधी तो फक्त चालकालाच ठाऊक असतो. पुढे नवा मोबाईल घेतला की दुकानदार तेच खाते त्यात चालू करून देतो आणि साठलेले शेकडो संदेश एकदम समोर येतात. त्यातला एखादा इंग्रजी मजकुराचा, मोठ्या आकड्याचा संदेश वाचून घेण्यासाठी माणूस पुन्हा केंद्रावर जातो आणि 'याची प्रिंट काढून द्या' असे सांगतो. माझी नोकरी बँकेत, बव्हंशी तालुक्याच्या शाखांमध्ये झाली, आणि बक्षिसाचे ई-मेल माझ्यासमोर आले ते नेहमी घडी घातलेल्या कागदाच्या रूपात. त्या कागदाविषयीच मला लिहायचे आहे, कारण फसवणूक रोखण्याची सर्वांत चांगली संधी तो कागद छापला जातो तिथे आणि तो घेऊन माणूस पैसे भरायला येतो तिथे असते, असे माझे ठाम मत झाले आहे.

केंद्रावर बहुतेक वेळा मूळ संदेश छापला जात नाही, तर त्याला जोडलेली पीडीएफ छापली जाते. त्या पीडीएफवर अशोकस्तंभ असतो, रिझर्व्ह बँकेचे किंवा एखाद्या मोबाईल कंपनीचे बोधचिन्ह असते, गोल शिक्का असतो, निळ्या शाईतली सही असते आणि 'बॅच क्रमांक', 'विजेता क्रमांक' अशी भारदस्त नोंद असते. खोटेपणा उघडा पाडणारे जे काही होते, ते मात्र पडद्यावरच राहून जाते. पाठवणाऱ्याचे नाव म्हणून कोणालाही काहीही टाइप करता येते. त्या नावावर बोट ठेवले तरच त्यामागचा खरा पत्ता दिसतो, आणि तो अनेकदा फुकट मिळणाऱ्या साध्या ई-मेल खात्याचा असतो. उत्तर जिथे जाणार तो पत्ता आणखी तिसराच असतो. निळ्या अक्षरांतली लिंक दाखवते एक आणि नेते दुसरीकडेच, हेही ती लिंक काही क्षण दाबून धरल्यावर किंवा संगणकावर तिच्यावर माऊस नेल्यावर कळते. ज्यांना 'प्रिय विजेता' म्हटले आहे त्यांच्यात नाव-गाव कोणाचेच नाही, कारण तोच मजकूर एकाच वेळी असंख्य पत्त्यांवर गेलेला असतो. कागदावर यातले काहीच उतरत नाही. सरकारी कागद जपून ठेवण्याची आणि शिक्का पाहून मान तुकवण्याची सवय आपल्याला पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. तिचा फायदा फसवणारे घेतात आणि छपाईचे दहा रुपये आपणच देतो.

पत्ता कसा वाचावा, हे सेवा केंद्राच्या चालकांनी तरी नीट शिकून घ्यावे. ॲट चिन्हाच्या आधी काय लिहिले आहे याला काडीचीही किंमत नाही. तिथे 'आरबीआय', 'गव्हर्नर', 'लॉटरी' असे काहीही घालता येते. चिन्हानंतरचा भाग पाहायचा आणि तो शेवटाकडून वाचत यायचा. केंद्र व राज्य सरकारच्या कार्यालयांचे पत्ते साधारणपणे 'गव्ह डॉट इन' किंवा 'एनआयसी डॉट इन' यांनी संपतात, तर रिझर्व्ह बँकेचा पत्ता 'आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन' असा आहे. बँकांच्या संकेतस्थळांसाठी रिझर्व्ह बँकेने 'बँक डॉट इन' हा राखीव शेवट ठरवून दिला आणि ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत त्यावर जाण्यास बँकांना सांगितले. मधेच कुठेतरी 'आरबीआय' किंवा 'बँक' ही अक्षरे आली आणि शेवट भलताच झाला, तर तो पत्ता त्या संस्थेचा मानू नये. मात्र याच्या उलट गृहीत धरू नये. पाठवणाऱ्याचा पत्ता बनावट दाखवता येतो आणि एखाद्या खऱ्या कर्मचाऱ्याचे खातेही चोरले जाऊ शकते. म्हणजे चुकीच्या पत्त्यावरून खोटेपणा ठरतो, पण बरोबर दिसणाऱ्या पत्त्यावरून खरेपणा ठरत नाही. ई-मेल सेवा पुरवणाऱ्या कंपन्या अशा संदेशांची पडताळणी करून संशयास्पद संदेश स्पॅममध्ये टाकतात. बक्षिसाचे पत्र स्पॅममधून शोधून काढून छापून घेणाऱ्याला चालकाने निदान एवढे तरी सांगावे की ते तिथे उगाच गेलेले नसते.

भाषेच्या चुकांवरून खोटा ई-मेल ओळखा, असा सल्ला अजूनही दिला जातो. तो आता फारसा उपयोगी राहिलेला नाही. मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागातील कॉर्मॅक हर्ली यांनी २०१२ साली असे दाखवून दिले होते की या पत्रांमधला भाबडेपणा आणि न पटणारी कथा फसवणाऱ्यांच्या सोयीचीच असते, कारण ज्यांना शंका येते ते उत्तर देत नाहीत आणि उरलेल्या मोजक्या विश्वासू माणसांवरच त्यांना वेळ खर्च करता येतो. आता तर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांमुळे स्वच्छ, आदरार्थी मराठीतही असे पत्र काही क्षणांत तयार होते. तेव्हा शुद्धलेखन तपासत बसण्यापेक्षा पत्रात मागितले काय आहे, ते तपासावे.

आणि मागितलेले असतात पैसे, किंवा पैशापर्यंत नेणारी माहिती. हीच एक गोष्ट आहे जी कोणत्याही वेषात बदलत नाही. मोंढ्यात माल घातल्यावर हमाली आणि तोलाई पट्टीतून कापली जाते. ती आधी भरल्याशिवाय मालाचे पैसे मिळणार नाहीत, असे कोणी सांगितले तर आपला शेतकरी त्याला दारात उभे करणार नाही. रोख बक्षिसाचेही तसेच आहे. आयकर कायद्याप्रमाणे लॉटरीच्या मोठ्या रकमेवर ३० टक्के दराने कर लागतो आणि तो बक्षीस देणारा रकमेतूनच कापून उरलेले पैसे देतो. विजेत्याने कर, जीएसटी, 'प्रक्रिया शुल्क' किंवा 'चलन बदलण्याचा खर्च' म्हणून एखाद्या अनोळखी व्यक्तीच्या बचत खात्यात आधी पैसे भरावेत, अशी कोणतीही व्यवस्था या देशात नाही. लॉटरीचा कायदाही या बाबतीत स्पष्ट आहे. १९९८ च्या लॉटरी विनियमन कायद्यानुसार लॉटरी चालवण्याचा अधिकार राज्य सरकारांना आहे. आपली महाराष्ट्र राज्य लॉटरी १९६९ पासून आहे आणि तिच्यात भाग घ्यायचा तर तिकीट विकत घ्यावे लागते. कोणत्याही संगणकाने ई-मेल पत्त्यांची सोडत काढून न घेतलेल्या तिकिटाला बक्षीस देण्याची पद्धत कुठेही नाही. परदेशी लॉटरीत भाग घेण्यासाठी भारतातून पैसे पाठवणे तर परकीय चलन व्यवस्थापन कायदा, १९९९ खाली मनाईच आहे. रिझर्व्ह बँक कोणा व्यक्तीचे खाते ठेवत नाही, बक्षिसाची रक्कम 'सोडवून' देत नाही आणि त्यासाठी कोणाला पत्र, फोन वा ई-मेल करत नाही, हे त्या बँकेने अनेकदा जाहीर केलेले आहे. दूरचित्रवाणीवरच्या एका लोकप्रिय प्रश्नमंजूषेच्या नावाने पंचवीस लाखांची लॉटरी लागल्याचे संदेश गेली कित्येक वर्षे फिरत आहेत. त्यांच्याही मुळाशी हीच 'आधी शुल्क भरा' अशी मागणी असते.

ही युक्ती नवी नाही, हे माझ्या पिढीच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. मासिकांत छापलेला जादूचा चौकोन भरून पाठवला की 'तुम्हाला रेडिओ लागला' असे पत्र येत असे, मग पोस्टमन व्ही.पी. (पैसे भरून सोडवायचे टपाल पार्सल) घेऊन येई, आणि पैसे भरून खोके उघडल्यावर त्यात भलतेच काहीतरी निघे. फरक इतकाच की तेव्हा नुकसान एकदाच होत असे आणि तेही व्ही.पी.च्या रकमेइतकेच. आज पहिल्या शुल्कानंतर दुसरे शुल्क येते, आणि खरा घात तिथून पुढे होतो.

आमच्या तालुक्यातील एक निवृत्त गुरुजी अशाच एका ई-मेलच्या आधारे पैसे पाठवायला शाखेत आले होते. एका परदेशी कंपनीच्या सोडतीत त्यांचा पत्ता निवडला गेल्याचे पत्र होते. आधी त्यांनी नोंदणीचे शुल्क भरले होते. मग रोकड घेऊन येणारा 'राजनैतिक अधिकारी' विमानतळावर सीमाशुल्क विभागाने अडवून ठेवल्याचा फोन आला म्हणून आणखी मोठी रक्कम भरली होती. आणि आता ही रक्कम दहशतवादाशी संबंधित नसल्याचे प्रमाणपत्र काढण्यासाठी त्यांना पुन्हा पैसे पाठवायचे होते. खिडकीवरच्या तरुण अधिकाऱ्याने, पैसे कोणाला आणि कशासाठी, असे सहज विचारले तेव्हा गुरुजी आधी चिडले, 'घरचंच काम आहे' म्हणाले, आणि नंतर बऱ्याच वेळाने त्यांनी पिशवीतला कागद काढून दाखवला. दुसऱ्या भरण्याच्या वेळीच त्यांना शंका आली होती. पण थांबायचे म्हणजे आधीचे पैसे बुडाले हे स्वतःशी मान्य करायचे, आणि तेवढेच त्यांच्याने होत नव्हते. अशिक्षित माणूस फसतो, ही समजूत किती पोकळ आहे, हे मला त्या दिवशी नव्याने कळले असे नाही, परंतु चाळीस वर्षे मुलांना गणित शिकवलेला माणूस समोर बसलेला असताना ती समजूत उच्चारणेही अशक्य होते.

त्यांनी घरी का सांगितले नाही, याचे उत्तर त्या पत्रातच होते. 'दुहेरी दावा टाळण्यासाठी रक्कम हाती येईपर्यंत ही बाब गोपनीय ठेवावी', असे वाक्य या पत्रांत जवळजवळ नेहमी असते. मुलगा, सून, भाऊ, शेजारी यांपैकी कोणीही तो कागद पाहिला तर डाव तिथेच मोडेल, हे लिहिणाऱ्याला पक्के ठाऊक असते. म्हणून एखादे पत्र गुप्तता पाळायला सांगत असेल, तर ते त्याच दिवशी घरातल्या चार जणांना वाचून दाखवावे.

ज्यांनी अजून काहीच पाठवलेले नाही, त्यांच्यासाठी काम सोपे आहे. उत्तर देऊ नये, अगदी चार शिव्या हासडण्यासाठीही देऊ नये, कारण उत्तर गेले की हा पत्ता चालू आहे आणि तो वाचणारा माणूस आहे, इतकी खात्री समोरच्याला मिळते. यादीतून नाव वगळण्याची लिंक दिलेली असेल तरी तीही दाबू नये. संदेश 'स्पॅम' किंवा 'फिशिंग' म्हणून कळवावा आणि विषय संपवावा. जोडलेली झिप फाईल उघडू नये आणि 'बक्षीस ॲप' म्हणून आलेली एपीके फाईल तर मोबाईलमध्ये मुळीच चालू करू नये, कारण असे ॲप ओटीपीचे संदेश परस्पर वाचू शकते. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीही लागत नाही. लिंकवर जाऊन पासवर्ड टाकला गेला असेल, तर तो लगेच बदलून दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करावी. आणि ज्यांचा पासवर्ड सेवा केंद्राच्या वहीत आहे, त्यांनी तर ई-मेल आलेला असो वा नसो, तो आजच बदलून घ्यावा. आधार, पॅन किंवा रद्द केलेला धनादेश पाठवला गेला असल्यास बँकेला लेखी कळवून ठेवावे.

पैसे गेलेले असतील तर मात्र तासांचा हिशोब असतो. १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली की ज्या बँकेत पैसे गेले तिला या यंत्रणेतून सूचना जाते आणि रक्कम तिथे शिल्लक असेल तर ती रोखून धरता येते. पुढच्या खात्यात गेली असेल तर तिथपर्यंत माग काढला जातो. फसवणारे ती रक्कम शक्य तितक्या लवकर अनेक खात्यांत फोडतात, म्हणून 'उद्या तालुक्याला गेलो की बघू' असे म्हणण्यात पैसा हातचा जातो. फोन करताना आपला खाते क्रमांक, व्यवहाराचा क्रमांक, तारीख, वेळ आणि रक्कम समोर ठेवावी, तक्रारीचा पोच क्रमांक लिहून घ्यावा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर पुढची माहिती भरावी. ई-मेल चुकूनही पुसू नये. तो कोणत्या वाटेने आला याची नोंद त्याच्या मूळ स्वरूपातच असते आणि पोलिसांना तपासासाठी छापील पीडीएफपेक्षा ती अधिक कामाची असते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्ह्याची खबर हद्दीचा प्रश्न न काढता कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते, हेही लोकांना माहीत असावे. संगणकीय साधनाने तोतयेगिरी करून फसवणूक केल्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ड खाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे.

इथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक वाटते, कारण तो मी काउंटरवर पुष्कळदा ऐकला आहे. तीन दिवसांत कळवले की बँक पैसे भरून देते, असे लोक एकमेकांना सांगतात. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकातून आलेली ती तरतूद ग्राहकाच्या संमतीशिवाय झालेल्या इलेक्ट्रॉनिक व्यवहारांसाठी आहे, आणि त्यातही तीन कामकाजी दिवसांत कळवल्यास संपूर्ण संरक्षण मिळते ते चूक बँकेचीही नसेल आणि ग्राहकाचीही नसेल तेव्हा. ओटीपी किंवा पिन स्वतःच सांगितला असेल, तर त्या परिपत्रकानुसार बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकाचे धरले जाते. बक्षिसाच्या फसवणुकीत तर माणूस स्वतः स्लिप भरतो आणि स्वतः सही करतो. अशा सहीनंतर ही तरतूद कामी येत नाही. त्यामुळे या प्रकारात पैसे निघण्याआधीचे दोन प्रश्न नंतरच्या दहा अर्जांपेक्षा मोलाचे ठरतात.

फसलेल्या माणसाकडे पुन्हा कोणीतरी वळते, हेही सांगितले पाहिजे. काही दिवसांनी 'तुमचे बुडालेले पैसे मिळवून देतो' असा ई-मेल किंवा फोन येतो, बोलणारा स्वतःला वकील किंवा सायबर अधिकारी म्हणवतो, आणि त्यालाही आधी शुल्क हवे असते. आपल्या भागात पतसंस्थांमध्ये ठेवी अडकून बसलेल्या कुटुंबांची स्थिती आधीच नाजूक आहे. ठेव परत मिळवून देण्याच्या नावाने कोणी आधी रक्कम मागत असेल, तर त्यालाही हीच कसोटी लावावी. रोखलेली रक्कम परत मिळते ती कायद्याच्या मार्गानेच. तिच्यासाठी कोणा मध्यस्थाच्या खात्यात पैसे भरावे लागत नाहीत. याच साखळीचे दुसरे टोक आपल्या महाविद्यालयीन मुलांपर्यंत पोहोचते. टक्केवारीच्या लोभाने स्वतःचे बँक खाते आणि एटीएम कार्ड दुसऱ्याला वापरायला दिलेल्या तरुणांच्या खात्यांतूनच हे पैसे पुढे जातात, आणि पोलीस पहिल्यांदा येतात ते त्याच खातेदाराच्या दारात.

आता मागण्यांकडे वळतो. 'आपले सरकार' सेवा केंद्रे जिल्हा प्रशासनाच्या देखरेखीखाली चालतात, तेव्हा जिल्हाधिकाऱ्यांनी एका परिपत्रकाने चालकांना सांगावे की बक्षीस, लॉटरी, परतावा किंवा पार्सल यासंबंधीचा ई-मेल छापून देण्याआधी पाठवणाऱ्याचा पूर्ण पत्ता ग्राहकाला मोठ्याने वाचून दाखवावा आणि प्रिंट द्यायचीच असेल तर पीडीएफची न देता त्या पत्त्यासह मूळ संदेशाची द्यावी. याला पैसा लागत नाही. पोलीस ठाण्यांत तक्रार लिहून घेणाऱ्यांना माझी विनंती आहे की 'एवढे शिकून कसे फसलात' हा प्रश्न त्यांनी विचारू नये. त्या एका वाक्यामुळे त्याच गावातले पुढचे दोन तक्रारदार घरीच राहतात.

तिसरी मागणी माझ्याच क्षेत्राकडे आहे. प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली अग्रणी बँकेची (जिल्ह्यातील बँकांचा समन्वय पाहणाऱ्या बँकेची) बैठक होते. तिथे कर्जवाटपाच्या उद्दिष्टांवर तासन्‌तास चर्चा होते, ती व्हावीही. पण सोयाबीन आणि कापसाचा पैसा खात्यांत येण्याआधीच्या बैठकीत पुढचा एक निर्णय घेतला जावा. एनईएफटी आणि आरटीजीएसच्या स्लिपवर सहीच्या जागेच्या अगदी वर, ठळक मराठीत, 'हे पैसे बक्षीस, लॉटरी, पार्सल किंवा परतावा सोडवण्यासाठी पाठवत आहात काय?' असा प्रश्न आणि 'होय/नाही' असे दोन चौकोन छापावेत. 'होय'वर खूण झाली तर शाखाधिकाऱ्याने ग्राहकाला आत बसवून, त्याच्या खिशातला कागद मागून घेऊन, त्याच्याशी बोलल्याशिवाय रक्कम पाठवू नये. खिडकीवर गर्दी असते, मनुष्यबळ कमी असते, हे मला पुरते ठाऊक आहे. तरीही गुरुजींची तिसरी रक्कम वाचली ती अशा एका साध्या प्रश्नामुळेच, आणि तो प्रश्न विचारणाऱ्या मुलाला तसे करण्याचा कोणताही लेखी आदेश नव्हता.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी
सेलू, जि. परभणी